बुटकीचं सहावं घर

गोळी तुझ्या गळ्याखाली, हाडाच्या वर जो खळगा असतो त्यात शिरली आणि तू बसल्या जागी मागे कलंडलास, माणिक. आवाज झाला तेव्हा मला वाटलं, चौरंगावरचा नारळ फुटला. मग तुझ्या गळ्यातून रक्ताची चिळकांडी उडाली आणि माझ्या तोंडावर आली. गरम होती. मी पदराचा बोळा केला, त्या भोकावर मूठ दाबली आणि तुझ्या छातीवर गुडघा टेकून बसले. रक्त बोटांमधून निघालं, मनगटावरून खाली आलं, फरशीवर पसरलं. तू माझ्याकडं बघत होतास. बोलायला तोंड उघडलंस तर तोंडातूनही रक्तच आलं. तुझ्या टाचा फरशीवर घासत होत्या. मी तुला शिव्या देत होते. "मुडद्या, सांगितलं हुतं ना," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. तू ऐकलेलं शेवटचं ते असणार.

बोकड अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि त्यानं डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झाडलं. त्यानं अंग झाडावं म्हणून तर आपण इतका वेळ त्याच्या डोक्यावर पाणी घालत होतो.

लोक येतात, बसतात, चहा पितात आणि विचारतात की झालं कसं. मग माझ्या उत्तराची वाट न बघता आपणच एकमेकांना सांगतात. सुनेनं दोर सोडला, बोकड उधळला, सासरा मेला. तुझा पोरगा दत्ताही हेच म्हणतो. आशाला कायमची माहेरी, ताडकळसला पाठवायची असं त्यानं तुझी राख थंड व्हायच्या आधीच ठरवलं. मी तिथं होते. दत्ता नव्हता, तो बोकड कापणाऱ्या मुलाण्याला मोटारसायकलवर आणायला गेला होता. म्हणून जे झालं ते तुझ्यादेखत, तुलाच सांगते. खोटं निघालं तर तू उठून सांग.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू एवढासा होतास आणि शेंबूड माझ्या पदराला पुसायचास. सासूला तुझ्यासाठी वेळ नव्हता. मी तुला न्हाऊ घातलं, उवा काढल्या, मारलंसुद्धा. दीर म्हणून मी तुला कधी भावजी म्हटलं नाही. माणिकच म्हटलं, नाहीतर मुडद्या. तुझी बायको कौसल्या आली तेव्हा तिला ते आवडलं नव्हतं. पुढं तीही तेच म्हणायला लागली.

मानवतला तुझी कापसाची आडत होती तेव्हा तू रोख पैसा घेऊन फिरायचास, म्हणून तुला परवाना मिळाला. तू परभणीहून एक जुनं आखूड नळीचं रिव्हॉल्वर आणलंस. मी म्हटलं, हे काय, पोर झालंय का बंदुकीला. नळी माझ्या करंगळीएवढी. घरातल्या सगळ्यांनी तिला बुटकी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव राहिलं. पुढं पैसा बँकेतून जायला लागला, तू आडत बंद केलीस, पण बुटकी सोडली नाहीस. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. तेव्हा तू टॉवेलात गुंडाळून अशी न्यायचास की जशी काय पोरगी सासरी निघालीय. परत आणलीस की आधी तिला तेलपाणी, मग तुझं जेवण.

माझा नवरा गेला, म्हणजे तुझा थोरला भाऊ. त्यानंतरच्या त्या उन्हाळ्यात तू मला म्हणालास, वैनी, चल नाल्यावर. मला वाटलं म्हैस फसली. नाल्याची उंच दरड होती, तिच्यापुढं तू तेलाचे रिकामे डबे मांडून ठेवले होतेस. शेतातलं राहिलेलं बोंड तोडून तू त्यातला कापूस माझ्या कानात कोंबलास आणि बुटकी माझ्या हातात दिलीस. गावात मला तेव्हा बायका हळदीकुंकवालाही बोलवत नव्हत्या. पहिली गोळी मी कुठं घातली देव जाणे. बुटकीनं असा झटका दिला की माझे हात डोक्यावर गेले.

"वैनी, देवाला मारायलीस का?" तू म्हणालास.

मी म्हटलं, त्याला लागली तरी मला काय वाईट वाटायचं नाही. तू इतका हसलास की खाली बसलास. मग मीही हसले. तोंडाला पदर न लावता हसले. तुला सांगितलं नाही कधी, पण त्या दिवशी घरी येऊन मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तेव्हापासून आपला तो खेळ झाला. काडतुसं महाग, त्यातून वर्षाला ठरावीकच मिळायची, म्हणून खरी गोळी क्वचित. बाकी दिवस दुपारी ओसरीवर रिकाम्या बुटकीच्या नळीवर रुपया ठेवायचा आणि चाप ओढायचा. रुपया पडला की हरला. बुटकीचा चाप विहिरीच्या रहाटासारखा जड. आखूड नळी जरा कुठं हलली की पुढं हातभर फरक पडतो, हे तूच शिकवलंस. श्वास सोडून थांब, बोट ओढ, हात नको ओढू. माझा रुपया पडत नसे, तुझा पडे. मग तू म्हणायचास, वारा आला. ओसरीत कुठला वारा. नाल्यावर माझा डबा उडाला की तू म्हणायचास, डबा आधीच चेपलेला, पोचा होता. पोच्या डब्याला गोळी आपोआप लागते का, हे भांडण आपलं तसंच राहिलं. तू मेलास म्हणून मी ते सोडलेलं नाही. माझा नेम तुझ्यापेक्षा चांगला होता.

दत्ताला यातलं काही आवडलं नाही. बाप आणि मोठी आई म्हातारपणी टिकल्या फोडायलेत, असं तो आशाला म्हणायचा. आशा मात्र कधीकधी नाल्यावर चहा घेऊन यायची आणि लांब उभी राहून कानात बोटं घालून बघायची.

आणि ते कुत्रं. ते मी विसरले नाही, तूही विसरला नव्हतास. पिसाळलेलं कुत्रं गोठ्यात शिरलं आणि त्यानं बांधलेल्या कालवडीचं तोंड फाडलं. ओठ लोंबत होता, दात उघडे पडले होते, आणि ती बिचारी दावं तोडायला बघत होती. तू बुटकी घेऊन धावलास. डब्यावर एवढा नेम धरणारा माणूस तू. पहिल्या गोळीनं कुत्र्याचा पाय मोडला. दुसरी मातीत गेली. तिसरीनं पोट फुटलं आणि कुत्रं गोल गोल फिरत स्वतःचीच आतडी चावायला लागलं. तू बघत उभा राहिलास. बुटकीत आणखी होत्या, पण तुझं बोट चालेना. मी सरपणातली कुऱ्हाड घेतली आणि दोन घावांत त्याचं डोकं फोडलं. दुसरा घाव घालताना त्याचा दात माझ्या जोड्यात रुतला. कालवडही नंतर मारावी लागली, तीही दुसऱ्याकडून, कारण तू चिंचेखाली ओकत बसला होतास.

मी पाणी घेऊन आले तर तू म्हणालास, "वैनी, डब्याला जीव नसतो हे लय बरं हाय."

मी म्हटलं, मग जीव घ्यायचा असंल तर कुऱ्हाड घेत जा, आणि खेळायचं असंल तर बुटकी. दोन्ही एका हातात धरू नको. तू मान हलवलीस. त्यानंतर तू जिवंत गोष्टीवर बुटकी धरली नाहीस. रानडुकरांनी तूर लोळवली तरी तू फटाकेच वाजवलेस. लोक तुला हसले. मी नाही हसले, हे तेवढं ध्यानात ठेव.

आता सहाव्या घराचं सांगते. बुटकीच्या चक्रीत काडतुसांची सहा घरं. बुटकी जुनी. नव्या रिव्हॉल्वरात मागचा घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये आडकाठी असते, ती खाली पडली तरी उडत नाही, असं तूच मला सांगितलंस. बुटकीत ती आडकाठी नव्हती. घोडा सरळ काडतुसावर टेकलेला. म्हणून तू नेम केला होतास की पाचच भरायची आणि घोड्याखालचं घर मोकळं ठेवायचं. वर्षभर तू तो नेम पाळलास. दारू प्यायलेल्या दिवशीसुद्धा पाळलास.

मोडायचास फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ सगळं धुऊन पुजायचं, आणि त्यांच्याबरोबर बुटकी. आणि तुझ्या डोक्यात बसलेलं की देवीपुढं अर्धवट काही ठेवायचं नाही. म्हणून सहावं घर भरायचं, आणि पूजा झाली की रिकामं करायचं. दरसाल आपलं यावरून वाजायचं. कौसल्या होती तोवर ती मला गप्प करायची. यंदाही सकाळी तू ओसरीवर बसून बुटकी पुसत होतास आणि मी फुलं निवडत होते.

"माणिक, पाचच राहू दे की. देवी काय आत बोट घालून बघायलीय का?"

"वटी भरत्यात तवा नारळ घालत्यात का करवंटी?"

"वटीतला नारळ उडत न्हाई."

"इतक्या वर्साचं कदी उडलं का?"

"न्हाई उडलं म्हणून तर तू बोलायलास."

तू हसून सहावं काडतूस आत सरकवलंस आणि चक्री बंद केलीस. माझ्याकडं बघत केलंस, मला चिडवायला. मी उठून हातातून काढून घ्यायला पाहिजे होती, असं आता शेजारची म्हणते. तुझ्या हातातून बुटकी कुणी काढून घेतली असती, ते तिनं सांगावं.

ओट्याच्या कडेला चौरंग, चौरंगावर लाल कापड, कापडावर बुटकी सगळ्यांत वर. खाली अंगणात शहाबादी फरशी. फरशीवर बोकड आणला. आशानं दोर धरला. बोकडाला हळदकुंकू लावलं, डोक्यावर पाणी घातलं. बोकडानं अंग झाडलं की देवीनं मान्य केला, मग मुलाण्यानं कापायचा. हे आपल्या घरी पहिल्यापासून. बोकडानं अंग झाडलं नाही. तू पुन्हा पाणी घातलंस. बोकड उभाच. मी म्हटलं, थांब जरा, मुलाणी तर येऊ दे, घाई कशाची. तू उकिडवा बसलास, त्याचं डोकं बगलेत दाबलंस, कान उपडा केलास आणि तांब्या सगळा कानात ओतलास.

जनावर आहे ते. कानात तांब्याभर पाणी गेल्यावर तू काय केलं असतंस? तो ओरडला, तुझ्या बगलेतून निसटला आणि ओट्यावर उडी घेतली. आशा दोराबरोबर फरफटली, तिचे गुडघे ओट्याच्या पायरीवर आपटले. बोकडानं चौरंगाला धडक दिली. फाळ पडला, नारळ पडला, बुटकी ओट्यावरून खाली आली ती घोड्यावर. नळी वर. तू उकिडवाच होतास, उठायला वाकलेला, बरोबर तिच्यावर.

नाल्यावर इतक्या वर्षांत तुझा एवढा सरळ नेम कधी लागला नव्हता.

दत्ता मुलाण्याला घेऊन आला तेव्हा माझी मूठ तुझ्या गळ्यात होती. जीपमध्ये घालून परभणीला निघालो. जीप खड्ड्यात आदळली की मूठ सरकायची आणि रक्त यायचं. मग आदळली तरी येईना. मला कळलं. दत्ता पुढं बसला होता, ड्रायव्हरला जोरात, जोरात म्हणत होता. मी त्याला काही सांगितलं नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत त्याला बाप असू दिला.

पोलीस आले, बुटकी उचलली. नळीवर कुंकू तसंच होतं. त्यांच्यातल्या साहेबानं चक्री उघडून विचारलं, सहाही घरं कुणी भरली? मी म्हटलं, ज्याची होती त्यानं. त्यानं लिहून घेतलं.

तुला जाळून पुरुष परत आले. आशा अंगणात फरशी धूत होती. दत्तानं तिला मागून केसाला धरलं आणि ओट्याच्या कडेवर तिचं डोकं आपटलं. एकदा नाही. कपाळ फुटलं. खाल्लास माझा बाप, म्हणत तो लाथा घालत होता आणि चांगले मोठे मोठे लोक, तुझ्या मांडीला मांडी लावून जेवलेले, बघत उभे होते. मी चुलीपुढची लोखंडी फुकणी उचलली आणि त्याच्या दंडावर घातली. मग खांद्यावर घातली. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा तो मागे सरला. तुझ्या पोराला मी मारलं, माणिक. तुलाही लहानपणी असंच मारलं होतं, तेव्हा तुझ्या आईनं तोंड फिरवलं होतं. त्याची आई नाही, म्हणून कुणी तोंड फिरवलं नाही, सगळ्यांनी बघितलं.

दत्ता वाईट नाही. त्याला कुणीतरी पाहिजे होतं. बोकडाला मारून भागलं नसतं, आणि तुला मारता येत नव्हतं.

दहाव्याला ताडकळसहून आशाचा भाऊ आला. दत्तानं फोन करून त्याला बोलावलं होतं. विधी आटोपून सगळे ओसरीवर बसले आणि दत्ता म्हणाला, हिला घेऊन जावा. भाऊ खाली बघत होता. त्याला बहीण नको होती असं नाही, पण सासरा खाल्लेली बहीण घेऊन गावात कसं शिरायचं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. आशा दाराआड पिशवी भरून उभी होती. कपाळाला चिंधी. मी तिला बाहेर ओढलं आणि म्हटलं, हात उघड. ती उघडेना. मी उघडले. दोन्ही तळव्यांची कातडी सोलून गेलेली, दोराच्या वळ्या मांसात उमटलेल्या, पू धरलेला. इतके दिवस ती त्या हातांनी दुखवट्याच्या माणसांना पाणी देत होती आणि कुणी हाताकडं बघितलं नव्हतं.

"दोर सोडणाऱ्याचा हात असा हुतो का?" मी विचारलं. "हिनं दोर सोडला न्हाई. बोकडानं हिला ओट्यावर वढत नेलं तरी सोडला न्हाई. पाणी कानात माणिकनं वतलं. सहावं काडतूस माणिकनं भरलं. दत्ता, तुला ठावं हाय, तुझा बाप दरसाल भरायचा."

दत्ताचं तोंड काळं पडलं. तो म्हणाला, "मोठी आई, मेलेल्या मानसावर घालायलीस व्हय?"

"मेलेल्याला काय हुतंय," मी म्हटलं. "जितीला हुतंय."

भावकीतला एक म्हातारा म्हणाला, जाऊ द्या, कशाला उकरायलाव. मी त्याला म्हटलं, तुमी त्या दिशी अंगणात उबे राहून हिला लाथा बसताना बघत हुता, आता बी बघा. आशाचा भाऊ उठला, बहिणीचे हात हातात घेऊन बघितले आणि तिथंच ओसरीवर रडायला लागला. मग दत्ता उठला, आशाच्या पायाजवळची पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

तुझ्यावर मी घातलं असं तुला वाटत असेल. घातलंच. तू असतास तर तुझ्या तोंडावर घातलं असतं. तू मला नाल्यावर नेलंस, माझ्या हातात ती जड वस्तू दिलीस आणि मला बाई न समजता भिडू समजलास, त्याबद्दल मी तुझी आहे. म्हणून मी तुझ्याबद्दल खोटं ऐकून घेणार नाही, आणि तुझ्यासाठी दुसऱ्यावर खोटंही घालू देणार नाही. तू शहाणा होतास आणि एका दिवसापुरता मूर्ख होतास. तो दिवस दरसाल यायचा.

पोलीस म्हणाले, बुटकी परत पाहिजे तर वारसानं अर्ज करावा. दत्ता नको म्हणाला. मला कुणी विचारलं नाही. नेम धरला तर माझा हात अजून हलत नाही, एवढं तुला सांगून ठेवते.

बोकड कापा म्हणून चार जण सांगून गेले. मुलाणी हात लावायला तयार नाही. दत्ता एकदा कुऱ्हाड घेऊन गोठ्यात गेला आणि तसाच परत आला. आता बोकडाला चारा आशा टाकते, तिचे हात भरत आलेत.

त्या दिवशी अंगणात तू होतास, मी होते, आशा होती आणि बोकड होता. तू मेलास. आम्ही तिघं जगलो.